चावल्याशिवाय सोयरीक नाही

माझ्या डाव्या पोटरीवर चार दातांची खूण आहे. ती कुणाची, हे मी सांगणारच आहे, पण त्या दातांची गोष्ट गुलाबरावांच्या थपडेपासून सुरू होते. म्हणून आधी थप्पड.

गुलाबराव लोकांच्या घरी यायचे. ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, बशी जपून खाली ठेवायचे, कपाशीची, म्हशीची, लेकराबाळांची चौकशी करायचे. मग सावकाश उठायचे, धोतर सारखं करायचे आणि घरधन्याच्या कानाखाली अशी एक वाजवायचे की कौलावरची कबुतरं उडून शेजारच्या गावात जाऊन बसायची. आमच्या आंजी गावात त्यांनी मारलेली थप्पड एकदा वर्ध्याला ऐकू गेली आणि कचेरीतले बाबू दुपारची सुट्टी झाली समजून डबे उघडून बसले. मी विम्याचा एजंट आहे, वाढवून सांगायची मला सवय आहे, हे खरं. पण डबे उघडलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

मारून झालं की गुलाबराव मार खाल्लेल्याकडे बघतही नसत. ते बघायचे दारात बांधलेल्या कुत्रीकडे. ती दावं तोडून त्यांच्या अंगावर आली आणि हाताचा, मांडीचा, मिळेल तिथला लचका तोडून मोकळी झाली, की त्यांचा चेहरा नवरदेवाच्या बापासारखा खुलायचा. रक्ताची धार पुसत म्हणायचे, "झालं. पोरगी नांदली." आणि कुत्रीनं नुसती शेपटी हलवली, तर तिचं दावं सोडून तिला घेऊन चालू पडायचे. घरधनी गाल धरून मागे उभा, त्याला कुत्रीही नाही आणि थप्पडही परत करता येत नाही.

कारण कुत्री त्यांची होती. विकलेली नव्हती, नांदायला दिलेली होती.

हे प्रकरण काय ते सांगतो. आमच्या भागात रानडुकरांनी उच्छाद मांडला तेव्हा गुलाबरावांनी मराठवाड्यातून कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांची एक जोडी आणली. लांब पायांची, बारीक कमरेची जनावरं, पळायला लागली की सावली मागे राहायची. पिल्लांना मागणी आली तशी त्यांनी घरामागे लोखंडी पिंजऱ्यांची रांग उभी केली. एका पिंजऱ्यात एक कुत्री, पुढे पाण्याचं घमेलं, वर पत्रा. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, वा, काय कारखाना टाकला.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो कारखाना बंद पडला. पत्रे तापलेले, वीज गेलेली, पाणी उकळायच्या बेतात. दोन कुत्र्यांनी मधली जाळी दातांनी फाडली आणि एकमेकींच्या नरड्याला लागल्या. गुलाबराव मध्ये पडले, तर त्यांचा दंड कोपरापर्यंत सोलून निघाला. दोघींपैकी एकही उठली नाही. शेजारच्या पिंजऱ्यातली ओली बाळंतीण तो आवाज ऐकून वेडी झाली आणि तिनं स्वतःचीच पिल्लं एकेक करून तोंडात धरून चिरडली. पाण्याच्या घमेल्याखाली सरकलेलं एक तेवढं वाचलं. चार दिवसांत ती आईही गेली.

त्या दुपारी गुलाबरावांनी घण उचलला आणि अंधार पडेपर्यंत पिंजरे फोडले. आवाज असा की शेजाऱ्यांना वाटलं बुढा बायकोला मारून राह्यला. लोक काठ्या घेऊन धावत गेले, तर त्यांची बायको, सिंधूकाकू, घणाचा दांडा ढिला झाला म्हणून त्यात पाचर ठोकत बसलेल्या. गुलाबरावांनी मारता मारता स्वतःच्या पायाचं एक बोटही फोडून घेतलं होतं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

सगळं लोखंड आडवं झाल्यावर काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "लेकी बापाच्या घरी जन्मभर कोंडून कोण ठेवते जी? नांदायले द्या. बाळंतपणाले माहेरी आणा. ओटी भरा आन परत धाडा."

गुलाबरावांचा सगळा पुढचा धंदा म्हणजे हे काकूंचं वाक्य. ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं आणि लोकांना ऐकवताना स्वतःचं म्हणून ऐकवलं.

त्यांची बोली अशी असायची: "पोरगी तुमच्या घरी राहीन. तुमच्या ताटातलं खाईन, तुमच्या वावराची राखण करीन. माजावर आली का मी नेईन, जोडा मी पाह्यीन. तीन बाळंतपणं माह्या घरी. पिल्लायचं मी पाह्यतो, त्यायले सासर मी शोधतो. मंग ऑपरेशन करून देतो, ते जन्मभर तुमची. मधात तिले उन्हात बांधून ठेवलं, उपाशी ठेवलं, का दुसऱ्याले देली, तर तुमचं आन माहं काय होईन ते मले मालूम नाई." शेवटचं वाक्य ते अगदी हळू म्हणायचे. काय होईल ते सगळ्या तालुक्याला मालूम होतं. अल्लीपूरच्या एकानं कुत्री उन्हात साखळीनं बांधली होती. गुलाबरावांनी तिला सोडलं, त्याच साखळीनं त्याला बांधला आणि समोर सावलीत बसून ऊन उतरेपर्यंत त्याच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. माणूस रडला, शिव्या दिल्या, पाया पडला. हे म्हणाले, "भुंक ना. ते भुंकत होती तवा तू ऐकलं का?"

स्थळ पाहायला गेले की ते शेती विचारत नसत. सरळ चुलीपाशी जायचे आणि घरच्या बाईला विचारायचे, "बाई, हा माणूस तुमच्यावर हात उचलते का?" बाईनं मान खाली घातली की स्थळ मोडलं. जाताना त्या माणसाला एक वाजवूनच जायचे. ही मात्र परीक्षेची नसायची.

आणि परीक्षेची ती थप्पड महिन्याभरानं. ते म्हणायचे, "ज्या बापानं वाढवलं त्याच्यावर धावून जाईन, तवा समजाचं का तिले आता हे घर आपलं वाटते." त्यांच्या अंगावर न चावलेली जागा शोधायची तर दिवा लावून शोधावं लागलं असतं. हात बघितले तर तालुक्याचा नकाशा. मनगटावर सेलू, अंगठ्याखाली पवनार, दंडावर हिंगणघाट. एकेक वण दाखवून ते सांगायचे, "हे पाह्य, ही माही लक्ष्मी. केळझरले देली. किती गोड चावली." गावच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर त्यांना फाटकात पाहिलं की सुई काढायची आणि विचारायची, "आज कोणत्या लेकीकडून?" लोक थपडेच्या भीतीनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचे, बघा काका, कुत्री किती खूश आहे. त्यावर म्हणायचे, "फोटोत तं मी बी हासतो."

आता आमच्या घरी येतो.

वडील गेल्यावर घरात मी आणि आई. मी दिवसभर वर्ध्यात लोकांना मरणाची भीती घालत फिरायचो आणि आई एकटी वावरात. आमचं वावर रानाच्या कडेला. डुकरांनी सोयाबीन असं उलथवलं होतं की नांगरायची गरज उरली नाही. आई गुलाबरावांकडे गेली आणि म्हणाली, "भाऊजी, आमाले बी एक लेक द्या."

त्यांनी बिजली दिली. घमेल्याखाली वाचलेलं पिल्लू ते हेच. तिला त्यांनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून, धोतराच्या सोग्यात घेऊन वाढवलं होतं. सिंधूकाकूंनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, आमच्या आईनं तिची ओटी भरली. बिजलीनं खोबरं खाल्लं आणि खणावर डोकं ठेवून झोपली. निघताना गुलाबराव मागे न बघता गेले. वळणावर जाऊन मात्र एका विजेच्या खांबाला त्यांनी असा गुद्दा मारला की तो खांब अजून कलता आहे, येऊन बघा.

महिन्यानं आले. चहा घेतला. माझ्या कानाखाली वाजवली. माझ्या डोळ्यांपुढे सगळी नक्षत्रं क्रमानं गेली. बिजली उठली, शेपटी हलवत त्यांच्याकडे गेली आणि ज्या हातानं मारलं तो हात चाटू लागली.

"नाई नांदली," ते म्हणाले आणि दावं सोडायला वाकले.

आई आडवी आली. "भाऊजी, थोडा टाईम द्या. पोरगी नवीन हाये. दिवसभर माह्या पायापाशी राह्यते, मले एकटं सोडत नाई."

"ते माह्याच घरी हाये अजून वहिनी. आंग तुमच्याकडं, जीव माह्याकडं. असी पोरगी धड इथली नाई, धड तिथली नाई. डुक्कर आलं तं कोणासाठी लढन?"

"एक डाव."

त्यांनी एक डाव दिला. मग आणखी एक. प्रत्येक डावाला माझा गाल. उजवा, डावा, परत उजवा. माझी गिऱ्हाईकं विचारू लागली, साहेब, तुमचा स्वतःचा विमा आहे का. मी गुपचूप उपायही केला. काकूंकडून गुलाबरावांचा जुना सदरा मागून आणला, बुजगावण्याला घातला आणि बिजलीला शिकवू लागलो, धर, फाड, चाव. बिजली त्या बुजगावण्याच्या पायाशी जाऊन झोपली. आठवडाभर ती दुपारची झोप तिथेच काढायची. आई म्हणाली, "तू राहू दे. कुत्री तुह्यापेक्षा हुशार हाये."

शेवटी गुलाबराव म्हणाले, "दिवाळी होऊ द्या. तवा येतो. नाई चावली तं नेतो, वहिनी, मंग तुमी रडू नोका. हिंगणघाटले एक भरलं घर पाहून ठेवलं हाये."

आई रडली नाही. ती एवढंच म्हणाली की बिजलीला नेलं तर ती वावरात पाय ठेवणार नाही. वावर मग कोण बघणार, हे माझ्याकडे न बघता म्हणाली.

दिवाळी झाली. तूर डोक्याच्या वर गेली होती, पिवळ्या फुलांवर आली होती. सकाळी गुलाबराव थेट वावरातच आले. हातात काठी, खांद्यावर बिजलीला न्यायचं नवं दावं. आई धुऱ्यावर म्हणजे बांधावर गवत कापत होती, बिजली तिच्या बाजूला. मी सुट्टी घेऊन गाल तयार ठेवून उभा होतो.

ते धुऱ्यापाशी पोचले आणि तूर फुटली. आतून डुक्कर आलं. डुक्कर म्हणजे काय, काळं मळणीयंत्र म्हणा. कुणाच्या तरी फासातून सुटलेलं, मागच्या पायात तार रुतलेली, त्या तारेनं पिसाळलेलं. ते सरळ आईवर गेलं.

बिजलीनं हवेतच त्याचा कान पकडला. डुकरानं तिला झटक्यात बाभळीच्या खोडावर आपटलं, ती उठली, पुन्हा कानाला लटकली. दुसऱ्या झटक्याला तिच्या बरगडीवरची कातडी फाटली, पांढरं हाड दिसलं, तिनं कान सोडला नाही. आई पडली होती, विळा उगारून बसल्या बसल्या मागे सरकत होती. गुलाबराव मध्ये शिरले. काठी डुकराच्या पाठीवर मोडली. डुकरानं त्यांना मांडीखाली सुळा घालून असं उचललं की क्षणभर गुलाबराव डुकरावर स्वार झालेले मी पाहिले, उलट्या तोंडानं, शेपटीकडे बघत. तशातही ते त्याला शिव्या देत होते आणि त्या शिव्यांत डुकराच्या सात पिढ्या होत्या. ते खाली पडले तसं डुक्कर त्यांच्याकडे वळलं, बिजलीनं मागून तार रुतलेला पाय धरला, आणि आईचा विळा त्याच्या नरड्यात गेला. एकदा नाही. मला माझी आई एवढं मारू शकते हे तोवर माहीत नव्हतं. त्यानंतर मी तिला जेवणाची चव कधीही विचारली नाही.

सगळं शांत झालं. गुलाबरावांनी डोकं वर केलं आणि बाभळीकडे पाहिलं. बाभळीवर मी होतो. मी पळालो असं गावात म्हणतात, ते चूक आहे. मी वरून परिस्थितीचा अंदाज घेत होतो. बाभळीला काटे असतात हे उतरताना कळलं.

गुलाबराव लंगडत आले. मांडीतून रक्त पायताणात उतरत होतं. त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता.

"माय मरून राह्यली होती," ते म्हणाले, "आन तू झाडावर?"

आणि त्यांनी मारली. ही थप्पड आधीच्यांसारखी नव्हती. तिला आवाजच नव्हता. मी जमिनीवर होतो आणि ते दुसऱ्यांदा हात उचलत होते.

तो हात खाली आला नाही. बरगडी उघडी पडलेली, एक कान फाटलेला, धड उभीही राहता न येणारी बिजली त्यांच्या मनगटाला लागली होती. चाटायला नाही. हाडाला दात लागल्याचा आवाज मला आला. ती गुरगुरत नव्हती, नुसती धरून होती, आणि वर त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

गुलाबराव हलले नाहीत. मनगट त्यांनी तिच्या दातांत तसंच राहू दिलं. मग म्हणाले, "सुध्या, उठ. ते सोडत नाई तवरी तू उठून उभा राह्य, तिले दिसू दे तू बरा हायेस."

मी उठलो. तिनं सोडलं.

ते मातीतच बसले. हसत होते की रडत होते हे सांगणं कठीण, रक्त सगळीकडे होतं. "वहिनी," ते म्हणाले, "मी आतावरी याले जेवढ्या मारल्या तेवढ्या खोट्या होत्या. तिले समजे. माह्या सोग्यात वाढली ते, माहा हात ओळखते. आज खरी मारली तं खरी चावली. म्हंजे इतके दिवस मी तिची परीक्षा नाई घेऊन राह्यलो, तेच माही घेऊन राह्यली होती."

त्या दिवशी सिस्टरनं एका माणसाला टाके घातले आणि एका कुत्रीला, आणि माझ्या पाठीतले बाभळीचे काटे काढता काढता हसून हसून तिचा चिमटा दोनदा खाली पडला.

बिजली आमच्याकडे राहिली. पुढे बाळंतपणाला माहेरी गेली, गुलाबरावांच्या मागे मुकाट्यानं चालत गेली, त्यांच्या खाटेखाली व्याली, पिल्लं दूध तोडेपर्यंत राहिली. तिथे ती त्यांची लेक असायची. पण ते आमच्याकडे आले की ती उठून माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन बसायची. गुरगुरायची नाही. फक्त बसायची. गुलाबरावांना हेच हवं होतं, आयुष्यभर त्यांनी यासाठीच लोकांना मारलं होतं. तरी त्यानंतर ते आमच्या ओसरीवर चढले नाहीत. रस्त्यावरूनच विचारायचे, "पोरगी जेवली का?" आई चहा बाहेर न्यायची. ते उभ्यानं प्यायचे, तिच्याकडे बघत, ती त्यांच्याकडे बघत. एकदा आई म्हणाली, "आत या ना भाऊजी, काई नाई करत ते." ते म्हणाले, "मालूम हाये. पन मी आत आलो तं तिले उठा लागते. दुपारची वेळ हाये, झोपू द्या."

असा माणूस डुकरानं मरायचा, निदान कुत्र्यानं तरी. गुलाबराव स्वतःच्या घरच्या मोरीत साबणावर पाय घसरून गेले. सिंधूकाकू पहिल्यांदा रागावल्या. म्हणाल्या, "येवढ्या लढाया केल्या आन वडीनं पाडलं."

आता आजूबाजूच्या गावांत अशी कथा सांगतात की त्यांच्या मयतीला जिल्हाभरातल्या कुत्र्या आल्या, रांगेनं चालल्या, चितेपाशी रडल्या. ही थाप आहे, आणि थापा ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एकही आली नाही. माणसं आली, गाल चोळत आली, केळझरची, सेलूची, अल्लीपूरचा तो साखळीवालाही आला. कुत्र्या सगळ्या आपापल्या घरी राखणीला होत्या.

तिरडी आमच्या दारावरून गेली. बिजली उठली, फाटकात आडवी उभी राहिली, मानेवरचे केस ताठ करून तिरडीवर भुंकली. खांदेकऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "काय बेइमान जनावर हाये. ज्यानं पोसलं त्याच्यावरच भुंकते." आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "भुंकू द्या. ऐकून राह्यले ते."

महिना झाला असेल, सिंधूकाकूंचा फोन आला. बिजलीची लेक चांदणी, केळझरला एका दूधवाल्याकडे दिलेली, तिची परीक्षा राहिली होती. "सुधाकर, मले मारता येत नाई," काकू म्हणाल्या. "तू जाजो."

मी गेलो. ओसरीवर बसलो, चहा घेतला, बशी जपून ठेवली, म्हशींची चौकशी केली. चांदणी दारात, आईसारखीच बारीक कमरेची, माझ्याकडे ओळखीनं बघत होती. बिजलीला भेटायला जायचो तेव्हा गुलाबरावांच्या अंगणात ती माझ्याच पायांत खेळली होती. खोटी थप्पड तिला कळणार हे मला कळत होतं, आणि खरी कुठून आणू. दूधवाला माणूस भला, मला दुसरा कप भरून देत होता.

देता देता हसून म्हणाला, "बरं झालं भाऊ तुमी आले. तो बुढा पागल होता. कुत्रीच्या नावानं लोकायले मारत फिरे."

हात कधी उठला ते मला कळलं नाही. आवाज आला नाही, एवढं आठवतं. दूधवाला आडवा, कप फुटलेला, आणि चांदणीचे चारही सुळे माझ्या पोटरीत हाडापर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं, तशातच मी त्याला म्हणालो, "झालं. पोरगी नांदली. आता उठून उभा राह्य, तिले दिसू दे."

मी लंगडत आंजीच्या दवाखान्यात शिरलो. सिस्टरनं मान वर केली, पायाकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून सुई काढत म्हणाली, "आज कोणत्या लेकीकडून?"